कार-टी थेरपीचा खर्च कोण उचलणार?

संपादक महोदय,

आयआयटी मुंबई म्हटलं की इंजिनिअरच आठवतात, पण कॅन्सरवरची नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी तिथल्याच लॅबमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत तयार झाली, २०२३ मध्ये मंजुरीही मिळाली. पेशंटच्याच रक्तातल्या टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांच्यात नवा जीन घालायचा, वाढवून परत शरीरात सोडायच्या, मग त्या अंगावर सीडी१९ नावाची खूण असलेल्या पेशी (कॅन्सरच्या पेशीही त्यातल्याच) शोधून मारतात, खरंच कमाल काम आहे! परदेशापेक्षा खूप स्वस्त आहे, तरी खर्च कित्येक लाखांत जातो आणि राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला साधारणपणे ५ लाखांचीच मर्यादा. वरचे पैसे कोण भरणार, आधी कुणाला मिळणार हे एकट्या लॅबवाल्यांनी कसं ठरवायचं? धोरण आणि लोकशाहीचा अभ्यास करणारे प्राध्यापक, पेशंटच्या घरचे, सगळ्यांना सोबत घ्या आणि विधानसभेत यावर नीट चर्चा करा.

- एक वाचक, ठाणे