'…आणि मेड' म्हणजे नक्की कोण?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अटलांटिकवरच्या जुन्या आलिशान बोटी आणि त्यांतले फर्स्ट क्लासचे प्रवासी यांच्यावर पानभर लेख आलाय, तो वाचला. दोनदा वाचला खरं तर. लेख रंजक आहे, फोटो झकास आहेत, झुंबरं, जिने, पामची झाडं, सगळं आलंय. पण एक गोष्ट खटकली आणि ती तीन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

आधी दोन-तीन बारीकसारीक चुका सांगतो म्हणजे मोकळा होतो. एक, टायटॅनिक वेगाचा विक्रम करायला निघाली होती असं लिहिलंय. तसं नव्हतं हो. वेगाचा मान क्युनार्ड कंपनीच्या मॉरेटेनियाकडे होता, १९०९ पासून पुढची वीस वर्षं तिच्याकडेच राहिला, ती २६ नॉटच्या (ताशी २६ सागरी मैलांच्या) आसपास पळायची आणि टायटॅनिक तिला कधीच गाठू शकली नसती. टायटॅनिकच्या मालक कंपनीने, व्हाइट स्टारवाल्यांनी, स्पीडचा नाद सोडून आकार आणि आराम यांवर पैसा लावला होता. दुसरं, बोटीवरचा पहिला पोहण्याचा तलाव टायटॅनिकवर, हेही चूक, त्याच कंपनीच्या ॲड्रिॲटिकवर तो १९०७ सालीच होता. आणि जेवणाच्या सलूनव्यतिरिक्त वेगळं रिट्झ-कार्ल्टन रेस्टॉरंट, वर लिफ्टसुद्धा, हे जर्मनांनी १९०५ मध्ये अमेरिका नावाच्या बोटीवर करून दाखवलं होतं. सगळं काही टायटॅनिकच्या खात्यावर टाकायची आपल्याला सवयच लागलीय.

असो. मूळ मुद्दा वेगळा आहे.

मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. त्यामुळे खोड अशी लागलीय की मजकुराच्या आधी डोळा यादीवर जातो. निकालाच्या याद्या, स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या याद्या, टेलिफोन डिरेक्टऱ्या, काय वाट्टेल ते. यादीत एखाद्याचं नाव गळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस छापखान्याच्या दारात उभा असतो, हे मी कितीदा अनुभवलंय. तर तुमच्या लेखातल्या चौकटीत 'टायटॅनिकवरचे नामवंत प्रवासी' अशी यादी आहे आणि त्यात ओळ आहे, 'मिसेस ॲस्टर आणि मेड'. बस्स. मेडचं, म्हणजे त्या बाईंच्या खासगी नोकराणीचं, नाव नाही. आणि ही चूक तुमच्या लेखकाची नाही हे मला माहीत आहे, त्यांनी ती जशीच्या तशी उचललीय, कारण मूळ यादीतच ती तशी आहे!

ही यादी म्हणजे काय ते वाचकांना सांगायला हवं होतं असं मला वाटतं. त्या काळी बोट सुटली की फर्स्ट क्लासच्या प्रवाशांना कंपनी एक छोटीशी छापील पुस्तिका द्यायची, पॅसेंजर लिस्ट, आडनावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेली. उपयोग उघड आहे, बोटीवर आपल्याबरोबर कोण आहे, कुणाशी ओळख काढायची, कुणाच्या टेबलाजवळ बसायचं, पोरीसाठी कुणाच्या मुलावर लक्ष ठेवायचं. लोक ती आठवण म्हणून जपून ठेवत. आणि त्यात 'मिस्टर अमुक आणि नोकर', 'मिसेस तमुक आणि मेड', 'आणि नर्स' अशा ओळी असत. मालकिणीच्या नावाला चिकटलेलं एक शेपूट. ट्रंक जशी असते तशी.

आता गंमत बघा. त्याच बोटींवर पत्ते कुटून श्रीमंतांना लुटणारे धंदेवाईक जुगारी नेमाने प्रवास करायचे, स्मोकिंग रूम हे त्यांचं ऑफिसच म्हणा ना. टायटॅनिकवरही होते. त्यातला एक जॉर्ज ब्रेरटन, तो ब्रेटन या खोट्या नावाने चढला होता. म्हणजे भामट्याचं खोटं नाव तेवढं छापायचं आणि इमानेइतबारे राबणाऱ्या बाईचं खरं नाव गाळायचं. प्रुफरीडर म्हणून सांगतो, याला चूक म्हणत नाहीत, याला धोरण म्हणतात. नाव माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही, कारण अमेरिकेत उतरणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाचं नाव, वय, कामधंदा हे सगळं बोटीवाल्यांना सरकारी कागदावर लिहून द्यावंच लागायचं. तळातल्या थर्ड क्लासच्या माणसाचंसुद्धा. कागदावर नाव होतं, छापताना गेलं.

आणि त्या मेडशिवाय फर्स्ट क्लासचा एक दिवस तरी निभला असता का, हे लेखात यायला हवं होतं. सकाळचा एक पोशाख, डेकवर फिरायला दुसरा, दुपारच्या चहाला तिसरा आणि रात्री जेवणाला चौथा. अकराच्या सुमाराला डेकवर गरम बीफ टीचे (गोमांसाच्या पातळ सुपाचे) कप फिरायचे, बाया-माणसं भाड्याच्या डेकचेअरवर ब्लँकेट गुंडाळून पडलेली (चेअर चार शिलिंग, ब्लँकेट चार शिलिंग, पूर्ण प्रवासाचे), दुपारी बारानंतर चोवीस तासांत बोट किती मैल आली याचा आकडा लागायचा आणि त्यावर पैजा. संध्याकाळी बिगुल वाजला की सगळे कपडे बदलायला केबिनमध्ये. आता हे सगळं वाचायला छान वाटतं, पण त्या बिगुलनंतर हलत्या बोटीवर, अरुंद केबिनमध्ये, कॉर्सेटच्या नाड्या आवळणं, केस चढवणं, मागच्या बारीक बटणांची रांग लावणं, हे करत कोण होतं? तिला स्वतःला बोट लागली असेल तर? फर्स्ट क्लासच्या बायका बोट लागली की झोपून राहायच्या, तशी सोय मेडला नव्हती, उलट तेव्हाच तिचं काम वाढायचं. या लोकांच्या जेवणासाठी टायटॅनिकवर सी डेकला वेगळं सलून होतं, मेड आणि व्हॅलेट (पुरुष मालकांचे खासगी नोकर) मंडळींचं, म्हणजे फर्स्ट क्लासमध्ये राहूनही फर्स्ट क्लासमध्ये जेवायचं नाही. ना इकडचे ना तिकडचे.

सामानाचं तर विचारूच नका. ट्रंकांवर लेबलं लागायची, प्रवासात हवं असलेलं एक आणि नको असलेलं दुसरं, नको असलेलं थेट खाली होल्डमध्ये. शिवाय आडनावाचं पहिलं अक्षर मोठ्ठं, कारण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कस्टमच्या शेडमध्ये अक्षरांखाली सामान लावून ठेवायचे. टायटॅनिकवर शार्लट कार्डेझा नावाच्या फिलाडेल्फियाच्या बाई होत्या, १४ ट्रंका, ४ सुटकेसा, ३ खोकी. त्यांच्या स्वीटचं, म्हणजे अनेक खोल्यांच्या केबिनचं, भाडं ५१२ पौंड, त्याच बोटीवर थर्ड क्लासचं तिकीट सात-आठ पौंडांना मिळत होतं. बोट बुडाल्यावर बाईंनी नुकसानभरपाईचा दावा लावला तो १,७७,३५२ डॉलर ७५ सेंटचा. ७५ सेंटसुद्धा सोडले नाहीत! एकेक वस्तू लिहून पानंच्या पानं भरलेली. ती पानं डोळ्यासमोर आणा आणि सांगा, कुठल्या ट्रंकेत कुठला झगा हे जास्त पाठ कुणाला असणार, बाईंना की त्या ट्रंका भरणारीला? तिचं नाव ॲना वॉर्ड. तीही वाचली. दाव्यातल्या वस्तूंना मात्र जास्त जागा मिळालीय.

इसिडोर आणि आयडा स्ट्रॉस यांची गोष्ट तुमच्या लेखात आहे, मेसीज स्टोअरचे मालक, नवऱ्याला सोडून लाइफबोटीत बसायला आयडाबाईंनी नकार दिला आणि दोघं बुडाले. ही गोष्ट मलाही हलवून जाते, त्यात वाद नाही. पण तिथे तिसरं माणूस होतं. एलन बर्ड, नुकतीच इंग्लंडमध्ये कामाला ठेवलेली मेड. आयडाबाईंनी तिला लाइफबोटीत बसवलं आणि अंगावरचा फरचा कोट काढून तिला दिला, मला आता याची गरज नाही म्हणाल्या. एलन वाचली. नंतर ती तो कोट घेऊन स्ट्रॉस यांच्या मुलीकडे परत द्यायला गेली, मुलीने सांगितलं, आईने तुला दिलाय, तूच ठेव. एवढा प्रसंग हातात असताना लेखात त्या जागी फक्त 'त्यांच्या मेडला बोटीत बसवून' एवढंच! अहो, पाच अक्षरांचं नाव आहे, जागा ती किती लागणार होती. आणि स्ट्रॉस यांचा व्हॅलेट जॉन फार्दिंग, तो बुडाला, त्याचा तर उल्लेखच नाही.

तसंच अमेरिकन धनिक बेंजामिन गुगेनहाइम. उंची पोशाख चढवून, सभ्य माणसासारखं मरायला तयार झाला, हे सगळ्यांना माहीत. पण पोशाख चढवून त्याच्याबरोबर उभा राहिलेला आणि त्याच्याबरोबरच बुडालेला व्हिक्टर जिलियो, त्याचा व्हॅलेट? मालकाचं मरण हे बाणेदार आणि नोकराचं मरण हे मालकाच्या गोष्टीतली सजावट. बोटीवरच्या बड्या धनिकांपैकी एक असलेले जॉन जेकब ॲस्टर आणि मिसेस ॲस्टर यांच्या बरोबर तर तिघं होते, व्हॅलेट व्हिक्टर रॉबिन्स बुडाला, मेड रोझली बिडवा आणि नर्स कॅरोलिन एंड्रेस मिसेस ॲस्टरबरोबर वाचल्या. त्यांच्या कुत्रीचं नाव किटी होतं हे मात्र कुठल्याही पुस्तकात सापडतं.

कुत्र्यावरून आठवलं. हेन्री हार्पर हे प्रकाशक घराण्यातले गृहस्थ, ते बायको आणि पेकिनीज कुत्र्यासकट वाचले. कुत्र्याचं नाव सुन यात सेन, सगळीकडे छापून आलंय, तुमच्याकडेही आलंय. त्याच लाइफबोटीत हार्पर यांच्याबरोबर चौथं कोण होतं? हम्माद हस्साब, कैरोचा दुभाषा, इजिप्तहून त्यांनी बरोबर आणलेला. यादीत तो 'आणि नोकर'.

कुणी म्हणेल, काय एवढं, नाव नसलं तर काय बिघडलं? तर बिघडतं, आणि कसं बिघडतं ते सांगतो. कॅनडाचं ॲलिसन कुटुंब फर्स्ट क्लासमध्ये होतं, नवरा, बायको, छोटी लोरेन आणि तान्हा ट्रेव्हर. नर्स होती ॲलिस क्लीव्हर. त्या गोंधळात तिने बाळाला उचललं आणि ११ नंबरच्या लाइफबोटीत बसली. बाळ वाचलं. आईबाप आणि लोरेन गेले. फर्स्ट क्लासमधल्या मुलांमध्ये बुडालेली ती एकटीच. न्यूयॉर्कला उतरल्यावर पत्रकारांनी घेरलं तेव्हा या बाईने आपलं नाव जेन असं सांगितलं म्हणतात. पुढे काय झालं, तर इंग्लंडमध्ये ॲलिस क्लीव्हर नावाचीच एक वेगळीच बाई होती, स्वतःच्या बाळाच्या खुनाबद्दल शिक्षा झालेली. कुणीतरी दोघींना एक समजलं आणि कित्येक वर्षं पुस्तकांतून, टीव्हीवर, बाळाला वाचवणारी नर्स ही बाळाची खुनी होती असं छापून, दाखवून झालं! मधलं नाव वेगळं, बाई वेगळी. ज्या माणसाची नोंद फक्त 'आणि नर्स' अशी करून ठेवता, त्या मोकळ्या जागेत नंतर कुणीही काहीही आणून बसवतं. ही चूक मला आजही झोपू देत नाही, कारण ही शुद्ध प्रुफाची चूक आहे. एक मधलं नाव तपासायचं होतं.

बोट बुडाल्यानंतरच्या वर्तमानपत्रांतल्या याद्या पाहिल्यात का? वाचलेल्यांना उचलून आणणाऱ्या कार्पेथिया या बोटीवरून वायरलेसने नावं येत होती, अर्धीमुर्धी, स्पेलिंगं चुकलेली, आणि त्यातही 'आणि मेड' आहेच. म्हणजे घरी वाट बघणाऱ्या आईने काय समजायचं, अमुक बाईंची मेड वाचली, पण ती मेड आपलीच पोरगी का? नंतर मॅके-बेनेट नावाचं जहाज प्रेतं गोळा करायला गेलं, ३०६ सापडली, त्यातली ११६ पुन्हा समुद्रातच सोडावी लागली. फर्स्ट क्लासच्या प्रेतांना शवपेट्या आणि बाकीच्या प्रवाशांना कॅनव्हास. मेलेल्या माणसाचा क्लास कपड्यांवरून ठरवायचे. तिथे बहुतेक पहिल्यांदाच एखाद्या व्हॅलेटला चांगल्या कोटाचा फायदा झाला असेल.

मी श्रीमंतांच्या नावाने खडे फोडतोय असं नाही. फर्स्ट क्लासच्या पुरुषांपैकी दोनतृतीयांश बुडाले, तेही लिहायला हवं. पण थर्ड क्लासच्या ७९ मुलांपैकी फक्त २७ वाचली, हाही आकडा त्याच रात्रीचा आहे, तो तुमच्या पानावर मला कुठे दिसला नाही. मेनू मात्र पूर्ण आहे, ऑयस्टरपासून पीचच्या जेलीपर्यंत.

तेव्हा विनंती एवढीच, येत्या रविवारी एक छोटी चौकट टाका. हेडिंग काही का द्याना. त्यात एलन बर्ड, जॉन फार्दिंग, ॲना वॉर्ड, व्हिक्टर जिलियो, व्हिक्टर रॉबिन्स, रोझली बिडवा, कॅरोलिन एंड्रेस, हम्माद हस्साब, ॲलिस क्लीव्हर, एवढी नावं छापा. नावांचं प्रुफ मी फुकट तपासून देतो, फोन करा फक्त.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : पान तीनवरच्या फोटोखाली 'हार्पर यांचा पेकिनीज' असं लिहिलंय, पण फोटोतलं कुत्रं पोमेरेनियन आहे. दोन पोमेरेनियन वाचली होती, पण ती हार्पर यांची नव्हती. तेही दुरुस्त करा.