लांडगा-कुत्रा संकराची घरगुती विक्री थांबवावी : वने व पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
वने व पशुसंवर्धन

विषय : लांडगा आणि कुत्रा यांच्या संकरातून जन्मलेल्या प्राण्यांची पाळीव प्राणी म्हणून होणारी पैदास व विक्री

महोदय,

सविनय नमस्कार. मी पशुवैद्य आहे आणि माझ्या कामाचा बराचसा भाग कुत्र्यांच्या वर्तनाविषयीच्या तक्रारींशी संबंधित आहे. लांडग्याचे रक्त असलेले प्राणी माझ्याकडे रोज येतात असे नाही. पण जे येतात ते बहुधा ठरावीक वयात येतात, जवळजवळ एकच तक्रार घेऊन येतात आणि त्यांच्या मालकांनी तोपर्यंत करण्यासारखे सगळे केलेले असते. त्यामुळे हा प्रश्न एखाद्या हौशी माणसाच्या खासगी निवडीपुरता राहिलेला नाही, त्यावर शासनानेच भूमिका घ्यायला हवी, अशा मताला मी आलो आहे.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो की हे प्राणी क्रूर किंवा रक्तपिपासू असतात असे माझे म्हणणे नाही. ती समजूत चुकीची आहे आणि तिच्या आधारावर केलेला कायदाही चुकीचाच होईल. लांडगा मुळात माणसाला टाळणारा प्राणी आहे, आणि त्याचा अंश असलेला संकरित प्राणी बहुतेक वेळा आक्रमक असण्यापेक्षा बुजरा, संशयी आणि नव्या गोष्टीला बिचकणारा असतो. तो चावला तर बहुधा भीतीपोटी, अडचणीत सापडल्यामुळे किंवा ताब्यातली वस्तू काढून घेतल्यामुळे चावतो. माझा आक्षेप वेगळा आहे. पिल्लू विकत घेतले जाते तेव्हा ते मोठेपणी कसे निपजेल हे घेणाऱ्याला तर कळत नाहीच, पण विकणाराही ते सांगू शकत नाही. आणि कळते तेव्हा ते पिल्लू पूर्ण वाढलेले, ताकदवान जनावर झालेले असते आणि त्याला परत घेणारे कोणी नसते.

यामागचे शास्त्र फार गुंतागुंतीचे नाही. लांडगा आणि कुत्रा या दोघांतही गुणसूत्रांच्या 39 जोड्या असतात, त्यांचा संकर सहज होतो आणि होणारी संततीही प्रजननक्षम असते. पहिल्या पिढीतील पिल्लाला अर्धा वारसा लांडग्याकडून मिळतो, इथपर्यंत हिशेब सरळ आहे. त्यापुढच्या प्रत्येक पिढीत मात्र कोणते जनुक कोणत्या पिल्लाच्या वाट्याला येईल हे नशिबावर असते. एकाच विणीतल्या दोन भावंडांपैकी एक जवळजवळ कुत्र्यासारखे वागते आणि दुसरे अनोळखी माणूस दिसताच कोपऱ्यात अंग चोरून बसते, असे घडू शकते आणि घडते. असे असताना जाहिरातींत मात्र ‘75 टक्के लांडगा’, ‘30 टक्के लांडगा’ असे आकडे छातीठोकपणे दिलेले असतात. हे आकडे म्हणजे आईबापांच्या टक्क्यांची बेरीज करून दोनने भागलेली सरासरी असते, आणि त्या आईबापांचे टक्केसुद्धा अनेकदा असेच कोणाच्या तरी शब्दावर मानून घेतलेले असतात. यात आणखी एक गंमत आहे. लांडगा म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पिल्लांमध्ये लांडगा नावालाही नसतो. हस्की, मॅलम्यूट आणि जर्मन शेफर्ड यांच्या मिश्रणाला रुबाबदार नाव देऊन किंमत वाढवलेली असते. अशी फसवणूक झालेला ग्राहक, खरे सांगायचे तर, त्यातल्या त्यात सुदैवी म्हणायला हवा.

‘लहानपणापासून प्रेमाने वाढवले की कोणतेही जनावर माणसाळते’ हा युक्तिवाद मी सर्वाधिक वेळा ऐकतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की त्यात भेटलेली माणसे, प्राणी आणि आवाज त्याला कायमचे ओळखीचे होतात. लांडग्याच्या पिल्लात हा काळ लवकर सुरू होतो आणि लवकर संपतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्राणिवर्तनाच्या अभ्यासक कॅथरिन लॉर्ड यांनी दाखवून दिले की वास, ऐकणे आणि दिसणे या क्षमता दोन्ही प्रकारच्या पिल्लांत जवळपास एकाच वयात येतात; वास दोन आठवड्यांच्या सुमारास, ऐकणे चार आणि दृष्टी सहा आठवड्यांच्या सुमारास. पण लांडग्याचे पिल्लू दोन आठवड्यांचे होताच, अजून नीट ऐकू-दिसू येत नसतानाच, भोवतालचे जग हुंगत फिरू लागते, तर कुत्र्याचे पिल्लू चार आठवड्यांपर्यंत थांबते. म्हणूनच संशोधनासाठी लांडगे हाताळण्याजोगे वाढवायचे असतील तर पिल्लांना डोळे उघडण्यापूर्वीच आईपासून वेगळे करून, रात्रंदिवस माणसांच्या सहवासात ठेवावे लागते. बाजारात पिल्लू विकले जाते ते साधारण आठ आठवड्यांचे झाल्यावर. संकरित पिल्लाची ही मुदत कुत्र्यासारखी की लांडग्यासारखी, हे त्याच्याकडे पाहून ठरवता येत नाही, आणि घरी आणल्यावर कितीही माया लावली तरी हुकलेले आठवडे भरून निघत नाहीत.

इतक्या खटाटोपाने वाढवलेला लांडगासुद्धा कुत्रा होत नाही, हेही इथेच सांगायला हवे. बुडापेस्ट येथील संशोधकांनी माणसांनी हातावर वाढवलेल्या लांडग्यांना आणि कुत्र्यांना सारखेच प्रशिक्षण दिले आणि मग न सुटणारे कोडे समोर ठेवले. अन्न दिसते आहे पण काढता येत नाही, असे ते कोडे होते. कुत्रे थोडा वेळ झटापट करून माणसाच्या चेहऱ्याकडे वळून पाहू लागले, लांडगे मात्र आपल्याच बळावर झगडत राहिले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरात कुत्रा पाळणे हे जवळजवळ संपूर्णपणे त्या वळून पाहण्यावर चालते. हाक मारल्यावर थांबणे, रागावल्यावर सोडून देणे, अनोळखी माणूस आला की मालकाचा रोख पाहणे, हे सगळे त्यातूनच येते.

आता वयाबद्दल. कुत्रा साधारण सहा महिने ते वर्षभरात वयात येतो. लांडग्याला त्यासाठी दोन वर्षांच्या आसपास लागतात, आणि तो वर्षातून एकदाच, ठरावीक हंगामात माजावर येतो. संकरित प्राण्यांच्या मालकांची तक्रार ‘पहिली दीड-दोन वर्षे अगदी चांगला होता, मग अचानक बदलला’ अशीच असते, याचे मला म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. माझ्याकडे आणलेला एक नर या बाबतीत नमुनेदार होता. अंगणात हाड चघळत असताना मालक नेहमीप्रमाणे ते उचलायला वाकला. तोवर रागावताच मागे सरणारा तो प्राणी या वेळी सरला नाही. हाडावर पुढचे दोन्ही पाय रोवून, मान खाली आणि शेपूट वर करून, गुरगुरण्याचा आवाजही न करता नुसता पाहत उभा राहिला. मालकाने हात मागे घेतला ते शहाणपणाचे केले. दवाखान्यात तोच प्राणी भिंतीला पाठ लावून थरथरत होता, बुबुळे ताणलेली, तोंडाजवळ धरलेला मांसाचा तुकडा हुंगायलाही तयार नव्हता, आणि साधी रक्ततपासणी करण्यासाठी मला त्याला भूल द्यावी लागली. दोन्ही प्रसंगांत त्याचे वागणे बिघडलेले नव्हते. लांडग्याच्या दृष्टीने ते अगदी रास्त होते. फक्त घराच्या दृष्टीने नव्हते.

यावर कोणी सांगेल की लांडग्यापासून तयार केलेल्या मान्यताप्राप्त जाती जगात आहेतच. आहेत, आणि त्यांचा इतिहास माझ्याच बाजूने बोलतो. नेदरलँड्समध्ये लेंडर्ट सार्लोस यांनी 1930 च्या दशकात जर्मन शेफर्ड आणि लांडगी यांचा संकर करून अधिक कणखर कुत्रा घडवण्याचा ध्यास घेतला आणि उरलेले आयुष्य त्यात घालवले. निपजलेला कुत्रा देखणा आणि निरोगी होता, पण इतका बुजरा की राखणीच्या कामी तो फारसा आला नाही. चेकोस्लोव्हाकियात 1955 मध्ये सीमेवरील पहाऱ्यासाठी असाच प्रयोग लष्करी शिस्तीत सुरू झाला. त्यातून आलेल्या चेकोस्लोव्हाकियन वुल्फडॉगला आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची अंतिम मान्यता मिळायला 1999 साल उजाडले. म्हणजे सरकारी पाठबळ, नोंदवह्या आणि कठोर निवड असूनही चार दशकांहून अधिक काळ गेला, आणि एवढे होऊनही अनुभवी मालकानेच ही जात घ्यावी असे तिचे जाणकारच सांगतात. रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे 1959 पासून चाललेल्या, दर पिढीत सर्वांत माणसाळलेले कोल्हेच पैदाशीसाठी निवडण्याच्या प्रसिद्ध प्रयोगानेही हेच दाखवले आहे, की माणसाळणे हे पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून रक्तात उतरते. कुत्र्याने हा प्रवास किमान चौदा-पंधरा हजार वर्षांत केला आहे. घराच्या मागच्या आवारात दोन पिंजरे ठेवून पैदास करणारा ब्रीडर तो पुन्हा उलट्या दिशेने वळवतो आणि त्याचे पैसे घेतो.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने रेबीजचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. रेबीजच्या लशी ठरावीक प्राण्यांवर चाचण्या होऊन त्या प्राण्यांसाठीच मंजूर होतात, आणि अमेरिकेत लांडगा-कुत्रा संकरासाठी अशी एकही लस मंजूर नाही. लस बहुधा काम करत असावी असे अनेक पशुवैद्यांना वाटते, मलाही वाटते. पण चावा घेतल्यानंतरचा निर्णय वाटण्यावर घेता येत नाही. कुत्रा चावला तर त्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याची पद्धत आहे, कारण लक्षणे दिसण्याच्या किती आधीपासून कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ शकतो हे अभ्यासाने ठरलेले आहे. संकरित प्राण्याबाबत असा अभ्यास नाही. त्यामुळे अमेरिकेत असा प्राणी कोणाला चावला तर त्याला अनेकदा वन्य प्राणी धरून मारले जाते आणि मेंदूची तपासणी केली जाते. हौसेने आणलेल्या प्राण्याचा एका ओरखड्यापायी असा शेवट होऊ शकतो, हे विकताना कोणी सांगत नाही.

कायद्यातील अडचण आपल्या खात्याला माझ्यापेक्षा अधिक चांगली माहीत असेल. वन्यजीवांचे कायदे लांडग्याला ओळखतात, पाळीव प्राण्यांचे नियम कुत्र्याला ओळखतात, आणि मधला प्राणी अनेक देशांत दोन्हीकडून निसटतो. तरीही वाट अगदीच अनोळखी नाही. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात, मागील चार पिढ्यांच्या वंशावळीत संरक्षित वन्य पूर्वज असेल तर संकरित प्राण्यालाही वन्य प्राण्याचेच नियम लावण्याचे तत्त्व स्वीकारलेले आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्याने 2000 मध्ये स्वतंत्र कायदा करून असे प्राणी नव्याने बाळगण्यास मनाई केली, मात्र आधीपासून असलेल्यांना परवान्याची सोय ठेवली.

यात रानातल्या लांडग्याचाही संबंध येतो. मालकाला न झेपलेला प्राणी रात्रीत गावाबाहेर नेऊन सोडला जातो, आणि वन्य लांडग्यांची संख्या आधीच थोडी असेल तिथे असा प्राणी त्यांच्यात मिसळून त्यांचा वंश भेसळ करू शकतो. भटक्या कुत्र्यांमुळे हा धोका आहेच. त्यात पैदास केंद्रांची भर नको.

म्हणून माझी विनंती अशी आहे की लांडगा पूर्वज असलेल्या प्राण्यांची पाचव्या पिढीच्या आतील पैदास, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घालावी, आणि वंशावळ सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर ठेवावी. ‘लांडग्याचे रक्त’ असा दावा करून कुत्रा विकणाराही या नियमात यावा. दावा खरा असेल तर तो बंदीत येतो आणि खोटा असेल तर फसवणुकीत.

आज लोकांच्या घरी असलेल्या प्राण्यांबाबत मात्र कृपया सौम्य धोरण ठेवावे. जप्तीची भीती दिसली तर मालक ते लपवतील किंवा रानात सोडतील. ठरावीक मुदतीत दंडाशिवाय नोंदणी, मायक्रोचिप, सक्तीचे निर्बीजीकरण, आणि खाली जमिनीत जाळी गाडलेले, साधारण आठ फूट उंचीचे कुंपण, एवढ्या अटींवर त्यांना ते प्राणी आयुष्यभर सांभाळू द्यावेत. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी एखाद-दुसरे निवारा केंद्र लागेल, कारण नेहमीच्या श्वान निवाऱ्यांत या प्राण्यांची सोय होत नाही आणि प्राणिसंग्रहालये संकरित जनावर सहसा घेत नाहीत. बंदीची अधिसूचना निघण्यापूर्वी या केंद्राची जागा आणि तरतूद निश्चित व्हावी. क्रम उलटा झाला तर पहिल्याच महिन्यात हे प्राणी दवाखान्यांच्या दाराशी बांधून ठेवलेले सापडतील, आणि आमच्याकडे त्यांना ठेवण्याची जागा नाही.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्य