माजघरातला धूर

गंगापुरी, वाई
रविवार, रात्री

चि. अनघास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी फोन आधी मी ठेवला. तुझं वाक्य अर्धंच राहिलं. 'बाबा, तुम्ही एकदा तरी' एवढं ऐकू आलं, पुढचं नाही. तीन दिवस ते कानात घेऊन फिरतोय. परत फोन केला तर माझा आवाज चढेल, म्हणून लिहायला बसलो. कागदावर निदान खोडता येतं.

झालं असं की सुधामावशीनं ग्रुपवर तुझ्या चित्रपटाच्या शूटिंगवरचा फोटो टाकला. आई तो मोठा करकरून बघत होती. वाळली आहे, म्हणाली. मला त्यात तुझ्या गुडघ्यापर्यंत चढलेला धूर दिसला. बंद माजघर, एकच झरोका, बाहेर कोकणातला पाऊस, भिंतींना ओल, आणि तू मॉनिटरला नाक लावून उभी. तोंडावर साधा रुमालही नाही. मी फोन उचलला आणि बोललो कशाबद्दल, तर राजीनाम्याबद्दल. नऊ वर्षांची सिनेपत्रकारितेची नोकरी, पीएफ, वय, भाडं, सगळं काढलं. धुराबद्दल एक अक्षर नाही. पोरखेळ हा शब्द तर मी वापरायलाच नको होता. तो मी मागे घेतो.

तू सात वर्षांची होतीस. कृष्णाबाईच्या उत्सवात प्रसादाच्या चुली पेटल्या होत्या, वारा नव्हता, सगळा धूर घाटावरच बसून राहिला. तू माझं धोतर धरून म्हणालीस, बाबा, हवा संपली. बापूकाकांच्या गाडीतून साताऱ्याला पोचेपर्यंत तुझी नखं निळी पडली होती. तेव्हापासून ऊद घालणं बंद झालं, आईनं देवाजवळ उदबत्तीसुद्धा लावली नाही, ती अजून लावत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपेत श्वास मोजा, मिनिटाला तीसच्या वर गेले तर थांबू नका, घेऊन या. मी मनगटावरचं घड्याळ उशाशी ठेवून मोजायचो. कितीतरी हिवाळे मोजले.

तुला आडवं होता यायचं नाही. भिंतीला टेकून बसायचीस, मी वाचून दाखवायचो. गोट्या, फास्टर फेणे सगळं झालं, पण तुला हवे असायचे नारायण धारप. आई चिडायची, आजारी पोरीला भुताखेतांचं काय वाचता म्हणायची. तू मात्र एकदा मला म्हणालीस, गोष्टीत घाबरलं की छातीचं विसरायला होतं. मग मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही वाचनालयातून आणल्या. म्हणजे हे खूळ... खूळ नाही, हे वेड तुला मीच लावलं. आता त्याच्या नावानं ओरडायचा मला काय अधिकार?

तुझ्या कात्रणांची फाईल आता तीन फायली झाली आहे. पत्रकारिता शिकायला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये असताना छापून आलेल्या पहिल्या चौकटीपासून सगळं आहे. वेबसाइटवरचं मी झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतो. 2018 साली तू 'तुंबाड'वर लिहिलंस तो लेख मी तीनदा वाचला, एकदा मुद्रितशोधक म्हणून आणि दोनदा बाप म्हणून. त्यामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे हे बाकीच्यांनी एका ओळीत उरकलं. तू मात्र सासवडच्या वाड्यातल्या त्या ओल्या दगडापासून सुरुवात करून भीती मराठी घरात कुठे राहते ते लिहिलंस. कोठीत, माळ्यावर, आजीच्या खोलीत. 2024 ला तो चित्रपट परत लागला तेव्हा तू थिएटरमधून फोन केलास, 'बाबा, हाऊसफुल्ल!' एवढंच ओरडलीस. मी इथे पेपर वाचत होतो, माझ्या अंगावर काटा आला.

पण त्याच चित्रपटाचा पहिला खर्डा 1997 चा होता, हेही तुझ्याच लेखात वाचलं. 1997 ते 2018. मी वजाबाकी केली. एकवीस वर्षं. तू आज चौतीस वर्षांची आहेस.

नोकरी सोडण्याबद्दल मला तुझी बाजू कळत नाही असं समजू नकोस. हॉटेलच्या खोलीत चार मिनिटांची मुलाखत, मागे पीआरवाली मुलगी घड्याळ लावून बसलेली, आणि प्रश्न आधी दाखवायचे. कुणी विमानतळावर काय घातलं होतं त्याची बातमी करायची. त्या परीक्षणात दोन स्टारचे तीन स्टार करायला सांगितलं, जाहिरात यायची होती म्हणून, आणि तू स्वतःचं नाव काढून घेतलंस. त्या रात्री तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा मी फक्त 'बरं' म्हणालो. तेव्हा म्हणायला हवं होतं ते आता म्हणतो: छापून आलेल्या मजकुराखाली नाव ठेवायचं की नाही, हे लिहिणाऱ्याच्या हातातलं शेवटचं काम आहे. ते तू नीट केलंस. मला अभिमान वाटला होता.

आणि दर गुरुवारच्या त्या रात्रीही मी विसरलेलो नाही. रात्रीचा शो, तीन वाजेपर्यंत परीक्षण, कारण शुक्रवारी सकाळी ते लागलंच पाहिजे. पहाटे तुझा मेसेज यायचा, 'बाबा, ऱ्हस्व दीर्घ बघा.' मी बघायचो. 2020 च्या मे महिन्यात मतकरी कोरोनानं गेले, तेव्हा तू अंधेरीच्या खोलीत एकटी बसून रात्रभर त्यांच्यावर लिहीत होतीस आणि मध्येमध्ये खोकत होतीस. फोनवर तो खोकला ऐकून आई देवघरात जाऊन बसली. मी तुझ्या लेखातले अनुस्वार तपासत राहिलो, दुसरं काय करणार होतो?

अब्बासांचं मी परवाही बोललो, तू चिडलीस. तरी लिहितो. ख्वाजा अहमद अब्बास 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये चित्रपटांवर लिहायचे, मग स्वतः पटकथा लिहिल्या, चित्रपट काढले, पण 1935 मध्ये धरलेलं सदर सोडलं नाही. वर्तमानपत्र बदललं, 'ब्लिट्झ'मध्ये गेलं, 1987 मध्ये ते गेले तोपर्यंत चालू होतं. मतकरी वीस वर्षं बँकेत होते. नोकरी सांभाळून नाटकं लिहिली, गूढकथा लिहिल्या. माणसानं एक पाय जमिनीवर ठेवावा. महिन्याला दोन लेख कुठेतरी ठरवून घे, ओळख आहे, नाव आहे, लोक देतील. नोकरी गेली की कंपनीचा विमाही जातो, त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावावर करून मिळतो का ते लगेच विचार, पुढे ढकलू नकोस, कारण नवीन पॉलिसी घेतली की दम्यासारख्या आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात आणि

हे पुन्हा भाषण झालं. राहू दे. खोडत नाही, पण राहू दे.

शिवाय मतकरींचं मी अर्धंच सांगितलं होतं. 1978 मध्ये त्यांनीही बँक सोडलीच. आणि स्वतःचा पहिला चित्रपट केला तेव्हा सत्तरी उलटली होती, त्याला मराठीतला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गुरुवारी हे मला माहीत होतं. माझ्या बाजूला बसत नव्हतं म्हणून बोललो नाही.

तुझी संहिता वाचली. तू पाठवलीस त्याला दीड महिना झाला, मी वाचली नाही असं तुला वाटत असेल. चार वेळा वाचली. पान 11 वर ती मुलगी अंधारात माजघरातले श्वास मोजते, घरात माणसं पाच आणि श्वास सहा येतात. तिथे मी थांबलो. चष्मा काढून ठेवला. तू जागी असायचीस का गं तेव्हा? मी मोजत असताना? मला वाटायचं तू झोपली आहेस.

तेव्हा तो प्रसंग तू चांगला करशील यात मला शंका नाही. तुझ्याशिवाय तो कुणाला करता येणार नाही. फक्त त्याला धूर इतका लागतो का, एवढं सांग. अंधार आहे, आवाज आहे, कौलांवरून पडणारं पाणी आहे. हे दिग्दर्शिकेला मी सांगणं बरोबर नाही, कळतं मला. पण कोळशावर धूप टाकून करत असाल तर ते बंद करा. यंत्र असेल तर शॉट झाला की दोन्ही दारं उघडायला सांग, आणि तू मॉनिटर ओटीवर घे. वायर लांब मिळते.

सोबत तुझी प्रत पाठवतोय, पेन्सिलनं खुणा केल्या आहेत. 'गुढ' चार ठिकाणी ऱ्हस्व पडला आहे, तो दीर्घ कर. पान 17 वर आजीच्या तोंडी 'ओके' आहे, ती ते म्हणणार नाही. बाकी कुठे हात लावलेला नाही. नवीन स्पेसर आणि दम्याचे दोन निळे पंप आहेत, एक कॅमेऱ्याजवळच्या मुलाकडे देऊन ठेव आणि कधी द्यायचा ते त्याला नीट शिकव. आईनं मेतकूट दिलंय.

पाकीट मिळालं की आईला फोन कर. मी शेजारीच असेन. तुझं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचं असेल तर मला दे म्हण.

तुझा,
बाबा

ता. क. त्या यंत्रात कोणतं द्रव घालतात त्याच्या बाटलीच्या लेबलाचा फोटो काढून पाठव. साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवून ठेवतो. आता त्यांचा मुलगा बसतो दवाखान्यात, पण तुझी जुनी फाईल त्यांनी जपून ठेवली आहे. मी शनिवारी जाऊन बघून आलो.