आमच्या वाचनालयातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

सुसान अबुलहवा यांची 'मॉर्निंग्ज इन जेनिन' वाचून झाली. तुम्ही नसतात तर ती अर्ध्यातच राहिली असती, म्हणून हे आभाराचं पत्र.

१९४८ मध्ये अबुलहेजा कुटुंबाला पॅलेस्टाईनमधलं एइन हौद गाव सोडावं लागतं आणि त्या धांदलीत एक इस्रायली सैनिक दालियाचं तान्हं बाळ उचलून नेतो. तिथेच पुस्तक मिटून मी ते परत करायला आले होते. तुम्ही समजूत घातली नाहीत. 'अगं, कादंबरीच आहे ती' असंही म्हणाला नाहीत. पाठकोऱ्या कागदावर याह्या, हसन, दालिया, यूसुफ, इस्माईल, अमल अशी वंशावळ काढून दिलीत आणि बाजूला चार सालं लिहिलीत: १९४८, १९६७, १९८२, २००२. "मुदत वाढवून देते. रात्री वाचू नकोस. निदान आजोबांपर्यंत जा."

आजोबांपर्यंत गेले आणि मग पुस्तक सुटेना. जेनिनच्या निर्वासित छावणीत राहणारा म्हातारा याह्या एक दिवस गुपचूप आपल्या गावी जातो आणि स्वतःच्या झाडांची अंजिरं, ऑलिव्ह घेऊन परततो. अख्खी छावणी आनंदाने त्याच्याभोवती जमते. दुसऱ्यांदा जातो तो जिवंत परतत नाही. १९४८ मध्ये सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले हे मी आधी वाचलं होतं. पण घर जाणं म्हणजे काय, ते मला याह्याच्या अंजिरांनी कळलं. एइन हौद खरंखुरं गाव आहे, तिथली जुनी घरं अजून उभी आहेत आणि १९५३ पासून तिथे चित्रकारांची वसाहत आहे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तर अंगावर काटा आला.

त्या सालांचा मोठा आधार झाला. १९८२ चं बैरूतमधलं सब्रा-शातिला हत्याकांड जवळ येतंय हे आधीच कळल्यामुळे तो भाग मी भर दुपारी, घरात माणसं असताना वाचला.

एका गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचंय. बाळ ज्या योलांटाच्या पदरात पडतं, ती स्वतः नाझी छळातून वाचलेली आहे. तिचा राग धरावा तर धरवत नाही, आणि दालियाकडे पाहिलं की जीव तुटतो. मला वाटतं, लेखिकेची खरी ताकद इथे आहे. तुम्हाला काय वाटतं? शनिवारी संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर येते.

तुमची,
एक वाचक