दानाची थैली बंदच बरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळ आला की तुमच्या जिल्हा पानावर एक फोटो ठरलेला असतो. चर्चतर्फे ब्लँकेट वाटप, मध्ये पाळकसाहेब, दोन्ही बाजूंना पंच (चर्चच्या कमिटीचे सभासद) आणि देणगीदार, सगळ्यांची नावं खाली छापलेली, आणि ज्यांच्या हातात ब्लँकेट आहे त्या म्हाताऱ्या माणसांचं नाव मात्र कधीच नसतं, नुसता चेहरा असतो. पुढच्या वेळी असा फोटो आला तर कृपया त्या गरिबांचे चेहरे तरी छापू नका एवढी तुम्हाला विनंती. बाकीचं पत्र आमच्याच ख्रिस्ती समाजातल्या वाचकांसाठी आहे, मी नगर जिल्ह्यातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे आणि हे बोलायची वेळ आलीये असं मला मनापासून वाटतं.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपास या तीनच गोष्टी घेतो आणि तिन्हींबद्दल एकच सांगतो, लोकांनी बघावं म्हणून करू नका. दान देताना कर्णा वाजवू नको, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लाव, उपास केलास तर तोंड धू, डोक्याला तेल लाव, कोणाला कळू पण देऊ नको. आणि जे दाखवण्यासाठी करतात त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून गेलंय म्हणतो. म्हणजे लोकांनी वाहवा केली तिथेच हिशेब संपला, देवाकडे काही शिल्लक राहिलं नाही. हे वचन आम्ही लहानपणापासून संडेस्कूलमध्ये पाठ करतो, आणि मोठे झाल्यावर बरोबर उलटं वागतो.

आमच्या जुन्या चर्चांमधे दानासाठी कापडी थैली फिरवायची पद्धत आहे, लांब दांड्याची किंवा हातात धरायची. मला ती पद्धत फार शहाणपणाची वाटते. मूठ बंद आत जाते, उघडी बाहेर येते, शेजारी बसलेल्याला पण कळत नाही की पाचशेची नोट होती का पाच रुपयांचं नाणं. पण आता थैलीच्या जोडीला नाव लिहिलेली पाकिटं आली, मग वेदीवरून नाव आणि रक्कम वाचायची पद्धत आली, मग क्यूआर कोड आला आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय लागली. एकाने टाकला की खाली 'आमेन', 'गॉड ब्लेस', हात जोडलेले इमोजी, आणि मग दुसरा त्याच्याहून मोठा आकडा टाकतो.

कापणीच्या सणाचं पण तेच. मूळ कल्पना किती सुंदर आहे, शेतात जे पहिलं आलं ते देवाला आणायचं, ज्वारीची कणसं, भोपळा, गावरान कोंबडी, अंडी, नारळ, आणि मग त्याचा लिलाव करून पैसे चर्चच्या कामाला. मला तो लिलाव आवडतो, पोरं हसतात, म्हातारे बोली लावतात, सगळी मंडळी एकत्र असते. पण एका नारळावर दोन घरांची चढाओढ लागते आणि बोली हजारांत जाते तेव्हा तिथे देव कुठे राहिला? आमच्या मंडळीत धुणंभांडी करणारी एक बाई त्या रविवारी येतच नाही. विचारलं तर म्हणाली, तिथे आमचं काय काम. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण मंदिराच्या दानपेटीसमोर बसून येशूने ज्या विधवेला बघितलं आणि शिष्यांना बोलावून दाखवलं, ती हीच. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं होतं, तिने दोनच दमड्या टाकल्या, आणि सगळ्यांपेक्षा जास्त तिनेच टाकलं असं तो म्हणाला, कारण तिच्याकडे जे होतं ते सगळं त्यात गेलं. आपल्या पद्धतीमुळे तीच बाहेर राहत असेल तर आपण कोणासाठी सण करतोय?

मार्काच्या सातव्या अध्यायातली एक गोष्ट प्रवचनात फारशी ऐकू येत नाही. त्या काळी एखादी वस्तू देवाला वाहिली असं म्हटलं की ती आईबापांना द्यायची जबाबदारी सुटायची, आणि येशू त्यावर संतापतो, तुम्ही तुमच्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता म्हणतो. आज चर्चच्या नव्या फरशीला, साऊंड सिस्टीमला मोठी रक्कम देणारा माणूस गावाकडच्या आईच्या औषधाला पैसे पाठवत नसेल, किंवा घरकामाच्या बाईचा पगार दहा तारखेपर्यंत लटकवत असेल, तर ते मंडळीत कोणी विचारत नाही. कारण ते दिसत नाही, फरशी दिसते.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांना तर हा फरक सांगायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमधे झाला, आणि नंतर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, त्याला पुढे आठेक वर्षं लागली. केवढी मोठी विदुषी, सगळ्या जगाने कौतुक केलेलं, आणि हे उघड लिहिते! बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी मांसाहार केला नाही, त्यावरून इंग्लंडमधे त्यांना टोकलं गेलं, पण जेवणखाण बदललं म्हणजे मन बदललं असं त्या मानत नव्हत्या. आणि 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली गोळा केल्या, केडगावला (दौंडजवळचं, आमच्या नगरचं नव्हे) आणून सांभाळल्या, तेव्हा आतून काय बदललंय ते सगळ्यांना दिसलं.

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं पण तसंच. 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा बायको मुलगा दोघं काही वर्षं दुरावले, नातेवाईक तुटले. त्या काळात ख्रिस्ती म्हणवून घ्यायला किंमत मोजावी लागायची म्हणून बाहेरची खूण आणि आतली श्रद्धा सहसा एकत्रच असायची. शेवटी 1917 ला त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या पण ख्रिस्ताला मानणाऱ्या माणसांनाही जागा होती. रजिस्टरमधल्या नावापेक्षा मनातली भक्ती मोठी मानली त्यांनी. आज आमच्या मंडळीत रजिस्टर पण आहे, वर्गणीची पावती पण आहे, आणि किंमत मोजायची तर सोडाच, मानाची खुर्ची मिळते.

कोणी म्हणेल की वरचं दानाचं वचन ज्यात आहे त्याच डोंगरावरच्या प्रवचनात येशू असंही सांगतो की तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या, मग चांगलं काम लपवायचं कशाला. बरोबर आहे, पण ते वाक्य पूर्ण वाचा, लोकांनी तुमची कामं बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं असं आहे ते. बॅनरवर देणगीदारांचे फोटो आणि येशूचं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात असलं तर गौरव कोणाचं होतं ते लहान पोराला पण कळतं. मी सणाच्या, गाण्याच्या, पांढऱ्या कपड्यांच्या विरोधात अजिबात नाही. रमाबाई पण पांढरी साडीच नेसायच्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो कारण लगेच गैरसमज होतो. देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा म्हणजे चर्चचा हिशेब गुप्त ठेवा असं नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने बरोबर विश्वासू माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून, हे बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. एकूण किती जमलं, कशावर खर्च झालं, किती शिल्लक आहे, हे दर महिन्याला नोटीस बोर्डवर लागलंच पाहिजे, ऑडिट झालंच पाहिजे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, कोणी किती दिलं ते सगळ्यांना पाठ असतं आणि गेलं कुठे ते विचारलं की पंच कमिटी नाराज होते.

येत्या वार्षिक सभेत मी तीन मागण्या लेखी देणार आहे: वेदीवरून नाव आणि रक्कम वाचणं बंद करावं, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नयेत, आणि मासिक हिशेब बोर्डवर लावावा. इतर मंडळ्यांमधल्या वाचकांनी पण आपापल्या सभेत हे मांडावं, आणि कुठे असं आधीच सुरू असेल तर याच सदरात लिहून कळवावं, म्हणजे आम्हाला सभेत दाखवता येईल.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर