काटा मारणाऱ्या काकांना

ती. रद्दीवाले काकांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र असं उघड्यावर लिहितेय, कारण तुमचा पत्ता नाही. डोंबिवलीत तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. तिथला मुलगा म्हणाला, काका जुन्नरकडे गावाला गेले, नंबर नाही. त्याला तुमचं नाव विचारलं तर ठाऊक नव्हतं. मग लक्षात आलं, मला तरी कुठे ठाऊक आहे? तुमच्या एखाद्या नातवाच्या मोबाईलवर हे पोचलंच तर त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावं.

ओळख पटावी म्हणून सांगते, मी समोरच्या चाळीतली, दोन वेण्यांची. रद्दी घेऊन यायची आणि परत घरी जायचीच नाही ती. तुम्ही मला गठ्ठे बांधायला बसवायचात. मराठी पेपर वेगळा, इंग्रजी वेगळा, वह्या वेगळ्या, गुळगुळीत मासिकं वेगळी. सुतळी पायाच्या अंगठ्यात धरून गाठ कशी आवळायची ते तुम्हीच शिकवलंत. मजुरी म्हणजे हवं ते वाचायचं, फक्त दुकानात बसून आणि कोपरे न दुमडता.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० साली बंद पडली, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. वेताळ आणि मँड्रेकचे मराठी अंक तुमच्याकडे किलोनं यायचे. तुमचा जीव मात्र बहादूरवर. आबिद सुरतींनी १९७६ साली आणलेला, कुर्ता आणि जीन्स घालणारा आपल्याकडचा हिरो. बाप डाकू, तो पोलिसांच्या हातून मेला, आणि त्या पोलीस अधिकाऱ्यानंच पोराला वाढवलं. "आता ह्यानं बाप म्हणायचं तरी कुणाला?" असं तुम्ही दर वेळी नव्यानं विचारायचात.

इंग्रजी अंक तुम्हाला वाचता यायचे नाहीत. चित्रं बघून तुम्ही अर्धी गोष्ट बरोबर ओळखायचात, उरलेली मी सांगायची. एकदा मुखपृष्ठ फाटलेला, जुन्या गोष्टी पुन्हा छापलेला एक अंक आला. त्यात अमेरिकन 'एक्स-मेन' कॉमिक्समधल्या मॅग्नेटो ह्या खलनायकाची १९६४ सालची गोष्ट होती. वांडा नावाची मुलगी, तिच्या अंगात काही विलक्षण शक्ती आहे म्हणून गावकरी तिच्या जिवावर उठतात आणि मॅग्नेटो तिला वाचवतो. पुढे ती आणि तिचा भाऊ पिएत्रो त्याच्या टोळीत राहतात. त्याचं वागणं त्यांना पटत नाही, पण सोडून जावं म्हटलं की तो दिवस आडवा येतो. तुम्ही गाठ मारता मारता थांबलात. "म्हणजे ह्यानं वाचवली ती पोरीला, का आपल्या कामाच्या माणसाला?"

काका, हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षं वापरतेय. कॉमिक्सची पानं लिहून-काढून पोट भरते, आणि खलनायक लिहायला बसले की आधी हाच प्रश्न त्याला विचारते.

त्या दिवशी तो मला झोंबला त्याचं कारण घरी होतं. आमच्या बाबांनी कधी हात उगारला नाही. आवाजही चढवला नाही. पण आमच्याकडे आंबा खाताना पेटीचा भाव कळायचा. नवा फ्रॉक घातला की बाबा आपल्या शर्टाची झिजलेली कॉलर चाचपत म्हणायचे, "छान दिसतोय. माझं काय, मी लटकत जातो लोकलला, तिथे कोण बघतंय!" झालं. त्या फ्रॉकात दिवसभर चोरासारखं वाटायचं. म्हणून मॅग्नेटो मला बघताक्षणी बाप वाटला होता, नुसता टोळीचा म्होरक्या नव्हे. पुढे कळलं की १९८३ साली लेखकांनीच त्याला वांडा-पिएत्रोचा खरा बाप करून टाकलं. मला अजिबात नवल वाटलं नाही. २०१४ साली दुसऱ्या लेखकांनी ते नातं परत काढून घेतलं, तेही मी फारसं मनावर घेतलं नाही. रक्ताचा दाखला कुणाला हवाय? उपकार काढून दाखवायची ती रीत बापाचीच आहे.

आणखी एक अंक आठवतो. १९८१ चा, ख्रिस क्लेअरमाँट यांनी लिहिलेला. मॅग्नेटो एक्स-मेनच्या टोळीतल्या किटी प्राईडवर विजेचा लोळ टाकतो, ती कोसळते, आणि मग त्याला दिसतं की हे तर एक लहान पोर आहे. हाच माणूस स्वतः लहानपणी नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत होता, घरची माणसं तिथे गमावलेला. मी तुम्हाला ऑशविट्झ म्हणजे काय ते मला जमेल तसं सांगितलं. तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात, "आता ह्याला शिव्या तरी कशा घालायच्या?"

घरी माझंही तेच होतं. आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि त्यानंतर अख्खं घर बाबांनी एकट्यानं ओढलं. ज्या कामाला दर महिन्याला पगार नाही ते काम म्हणजे त्यांना खड्डा दिसायचा. हे मला समजत होतं. आजही समजतं. पण त्या संपाचं बिल माझ्या नावानं फाडायचं कारण नव्हतं, हे समजायला मात्र तुमचं दुकान लागलं.

बारावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणला तेव्हा बाबा म्हणाले, "भर की. मी कशाला अडवू? तुझं आयुष्य आहे. फक्त आईला आत्ता सांगू नकोस, तिचं बीपी वाढतं. आणि फीचं बघू, पगार झाला की." पगार सात तारखेला व्हायचा. फॉर्मची मुदत तीन. ती तारीख बाबांना माहीत होती, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल त्यांनीच केला होता.

दोन तारखेला मी दुकानात येऊन बसले. तुम्ही एका चित्रकथेच्या अंकात ओळीखाली बोट फिरवत ययातीची गोष्ट वाचत होतात. म्हातारपणाचा शाप मिळालेला बाप पोरांकडे त्यांचं तारुण्य मागतो. यदू नाही म्हणतो, आणखी तिघे नाही म्हणतात, पुरू देतो. पुरूला राज्य मिळतं, बाकीच्यांना शाप. मी म्हटलं, बघा, नाही म्हणणाऱ्याचं असं होतं. तुम्ही गळ्यातली तुळशीची माळ चाचपलीत. "अगं, यदूचे ते यादव. आपला पांडुरंग कुणाच्या घरचा? नाही म्हणणाऱ्या पोराच्या घरी देव आला की!"

कीर्तनात हे कुणी असं सांगेल की नाही, मला शंका आहे. पण तुम्ही तराजूखालचा पत्र्याचा डबा ओढलात, दहा-दहाच्या वीस नोटा मोजल्यात आणि एक घडी करून माझ्या हातावर ठेवल्यात. फॉर्म गेला. प्रवेश झाला. बाबांनी नातेवाइकांत सांगितलं, "मीच म्हटलं, जा, शीक काय ते!"

मागच्या वर्षी मी एका कारस्थानी बापाची दीर्घ कथा काढली. जुन्या कॉमिक्समध्ये सोय असायची. बोलण्याच्या फुग्यात गोड बोलणं, डोक्यावरच्या ढगाच्या फुग्यात खरा डाव. मी तो ढग काढलाच नाही. माझ्या बापाच्या डोक्यात डाव नसतोच, त्याला मनापासून वाटतं की आपण देतोय. मग त्याचं घेणं दाखवायचं कुठे? मी ते हातात दाखवलं. प्रत्येक पानावर त्याचा हात मुलीच्या खांद्यावर आहे, आणि पानागणिक तिचा तो खांदा केसभर खाली गेलाय. कच्ची पानं बाबांनी चष्मा पुसून नीट वाचली. म्हणाले, "हा माणूस बोलतोय ते सगळं बरोबरच आहे." एवढी मोठी पावती मला कुठल्याही संपादकानं दिलेली नाही.

राहिली गोष्ट पैशांची. पहिल्या चित्राचे पैसे आले तशी मी दोनशे रुपये पाकिटात घालून दुकानात आले होते. तुम्ही पाकीट उघडलंही नाहीत. म्हणालात, "कसले पैसे? चार वर्षं तुमच्या रद्दीत काटा मारतोय मी. किलोमागं शंभर ग्रॅम. तुमचेच होते ते." मला इतका राग आला की महिनाभर मी त्या बाजूला फिरकले नाही. आपण ज्याला देवमाणूस समजलो तो साधा काटेमारू निघाला! उपकाराचं ओझं मात्र त्या क्षणी उतरलं ते उतरलंच.

गेल्या महिन्यात बसून हिशेब घातला. घरात एक पेपर, वर्षाअखेरीच्या वह्या, आईची मासिकं. महिन्याला पाच किलो धरले तर चार वर्षांचे दोनशे चाळीस. त्यातले चोवीस किलो तुम्ही खाल्लेत, असं मानलं तरी तेव्हाच्या भावानं शंभर रुपये होत नाहीत. म्हणजे एक तर त्या दिवशी तुम्ही खोटं बोललात, नाहीतर काटा शंभर ग्रॅमपेक्षा बराच मोठा होता.

कोणतं ते कळवा. दोन्हींसाठी आभार मानायची माझी तयारी आहे.

आपली,
गठ्ठेवाली पोरगी

ता. क. बहादूरचा एक अंक मी तेव्हा दप्तरात घालून नेला होता. विचारलं नव्हतं. अजून माझ्याकडे आहे, कोपरे दुमडलेले नाहीत.