धडधड होते, पण ईसीजी ‘नॉर्मल’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ल्युपस, संधिवात, शोग्रेन असे स्वप्रतिकारक (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असे) आजार असलेली बाई ‘मधेच ठोका चुकतो, छातीत धडधडतं’ म्हणाली, की एक ईसीजी निघतो, ‘नॉर्मल’ शेरा पडतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून विषय मिटतो. तो इतक्यात मिटू नये.

साधा ईसीजी जेमतेम 10 सेकंदांचा. त्या वेळी धडधड नसेल तर ती कागदावर येणार कुठून? त्रास रोजचा असेल तर 24 किंवा 48 तासांचा होल्टर (अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) लावून मागावा. आठवड्यातून एखाद्या वेळी होत असेल तर होल्टरही कोरा जातो. तेव्हा 7 ते 14 दिवसांच्या पॅचबद्दल (छातीवर चिकटवायचा ईसीजी नोंदक) विचारावं. होल्टर लावून दिवसभर पडून राहणं म्हणजे पैसे वाया. जिने, पाणी भरणं, रोजची कामं चालू ठेवावीत आणि धडधड होताच घड्याळ बघून वेळ लिहावी. आंघोळ मात्र नको. घामाने चिकटपट्टी सुटली, की तेवढे तास गेले.

सोबत टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्यावं. थायरॉइडचा ग्रेव्ह्ज हाही स्वप्रतिकारकच आजार, आणि त्यातून एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) होऊ शकतं.

औषधांकडे तर कुणी बघतच नाही. या आजारांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सर्रास दिलं जातं. ते ईसीजीवरचा क्यूटी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) लांबवू शकतं. त्यात खोकल्याला मेडिकलमधून आणलेलं अॅझिथ्रोमायसिन आणि पित्ताच्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडोन यांची भर पडते. जुलाबाने पोटॅशियम उतरलेलं असलं तर आणखीच वाईट. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) 500 मिलिसेकंदांवर गेला तर ठोक्याचा गंभीर बिघाड होऊ शकतो. तरी मूळ गोळी, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, मनाने बंद करू नये. मात्र अॅझिथ्रोमायसिन, डॉमपेरिडोनसारखी वरची औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आपल्या भागात आणखी एक पंचाईत. सांध्यांचे डॉक्टर मिरज-कोल्हापूरला, हृदयाचे बेळगावात, आणि ताप आला की खानापूर-निपाणीचा दवाखाना. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही. चालू औषधांची नावं आणि मात्रा एका कागदावर लिहून तो सगळीकडे दाखवावा. ईसीजीची पट्टी बहुधा थर्मल कागदाची असते: प्लॅस्टिकच्या पिशवीत ती फिकट होते, लॅमिनेशन केलं तर काळी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढावी.

अँटी-रो (ल्युपस, शोग्रेनमध्ये रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड) पॉझिटिव्ह बाईने गरोदरपणाची बातमी सांध्यांच्या डॉक्टरांनाही लगेच कळवावी. क्वचित पोटातल्या बाळाला हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणं) होतो. साधारण 16 ते 26 आठवड्यांत गर्भाच्या हृदयाचा इको कधी, किती वेळा, हे तेच ठरवतील.

धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर होल्टरच्या तारखेची वाट न बघता 108ला फोन करावा आणि त्रास चालू असतानाच ईसीजी काढायला सांगावं.

– एक ईसीजी तंत्रज्ञ, खानापूर (जि. बेळगाव)